शाळेमागची पाण्याची लाईन

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. जाड रेघ दिली की कडेकडेने सोलत मी तिचा मधला सांगाडा तेवढा ठेवतो. पाणीपुरवठा कचेरीतल्या एका बाईंनी मला घडवलं.

चित्र म्हणजे माझ्या लेखी काळे-पांढरे चौकोन. प्रत्येक काळा चौकोन आपल्या आठ शेजाऱ्यांकडे बघतो. आपण कडेला आहोत आणि आपण गेल्याने रेघ तुटणार नाही, अशी खात्री पटली की तो पुसला जातो. गंमत म्हणजे, सगळे चौकोन हे एकाच क्षणी ठरवतात. त्यामुळे माझं काम चुटकीसरशी व्हायचं, आणि त्याचा मला फार तोरा होता.

एकदा बाईंनी पाण्याच्या लाईनींचा जुना नकाशा घरी आणला आणि स्कॅन करून मला दिला. तो त्यांच्या वडिलांनीच नोकरीत असताना शाईने काढलेला. वडील हल्ली विसरायला लागले होते. कपाळावरचा चष्मा घरभर शोधायचे. मी बारीक केलेला नकाशा पडद्यावर पाहून ते म्हणाले, "शाळेमागची लाईन कुठंय?"

मूळ कागद गुंडाळून कपाटात गेला होता, आणि बाईंचा माझ्यावर भारी विश्वास.

"बाबा, तिथं लाईन नाहीये. तुमचा गोंधळ होतोय."

"असेल गं. डोकं चालत नाही आता माझं."

मात्र त्यांचं बोट टेबलावर फिरतच राहिलं. एक वळण, पुढे दुसरं, पुन्हा तेच. बाई बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिल्या, मग उठून त्यांनी कपाट उघडलं.

लाईन होती. दोन वळणांची, माझ्या मापाने नेमकी दोन चौकोन जाड. वरच्याला वाटलं, खालचा आहे, मी गेलो तरी चालेल. खालच्यालाही वरच्याबद्दल तेच वाटलं. दोघं एकदमच गेले. चूक एकाचीही नव्हती आणि लाईन मात्र नाहीशी झाली होती, याचं मला अजून नवल वाटतं.

बाईंनी मला पाळी लावून दिली. एका फेरीत वरची आणि डावी कड सोलायची, दुसरीत खालची आणि उजवी. लाईन परत आली.

"चुकलं माझं, बाबा."

"तुझं कुठं, याचं," म्हणत त्यांनी पडद्याला टिचकी मारली. मी खजील झालो, पण ते हसत होते, म्हणून बरंही वाटलं.

आता मला फारसं कुणी उघडत नाही. मित्रांनो, मला ठेवा किंवा पुसून टाका. पण माझं चित्र हाती आलं म्हणून मूळ कागद टाकू नका. आणि तो काढणारा शेजारीच बसला असेल, तर आधी त्याला विचारा.