साय राख

"अवं, ते भांडं नही शे, हात शे तुन्हा! कितलं घासशी?"

दोधू आबा ओट्यावरून ओरडले तेव्हा अख्खी गल्ली नळावर होती. चैत्राचं ऊन सकाळीच तापायला लागलं होतं आणि पाणी कधी जाईल याचा नेम नव्हता. पण कौसाबाईला पाण्याची घाई नव्हती. तिनं एका हातात कपड्याचा साबण, दुसऱ्या हातात विटेचा तुकडा घेतला होता आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात असा रगडत होती की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

"मळ शे तो," ती म्हणाली. "दखा, कसा पांढरा पांढरा निंघी ऱ्हायना."

"मळ काळा ऱ्हास! पांढरा मळ कोन्ही दखेल शे का?"

"तुमले काय समजस? तुम्ही तर पोळाले आंग धोतस, बैलस्ना संगे."

आम्ही सगळ्या हसलो. कौसाबाईचं घर माझ्या घरासमोरच, त्यामुळे तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, आबांचं, भांडण मला सकाळच्या चहासारखं लागतं. एखाद्या दिवशी नाही झालं तर चुकल्यासारखं वाटतं. पण त्या दिवशी भांडणात तिसरी पडली. तिची देरानी रंजनाबाई. धाकट्या दिराची बायको, पलीकडच्याच दारात राहणारी, आणि तोंडानं मिरचीच्या वखारीत जन्मल्यासारखी.

"बाई," ती हंडा कमरेवर चढवत म्हणाली, "हात असाच ऱ्हायना तर औंदा आखाजीले मांडा कोपरालोंग बी जावाव नही. मांगली आखाजीले फाटना तो आठवस ना?"

नळावरच्या बायका आपापल्या हंड्यांत बघायला लागल्या. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती, पण तोंडावर कुणी काढत नव्हतं.

खानदेशाबाहेरच्या माणसाला यातलं दुखणं कळणार नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आंब्याचा रस आणि मांडे. मांडा पोळपाटावर लाटत नाहीत. पुरण भरलेला सैल गोळा हातावर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर झेलत, मनगटावरून कोपराकडे सोडत वाढवत न्यायचा. वाढून वाढून तो परातीएवढा झाला की चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर टाकायचा. हाताची कातडी खरखरीत असली की कणीक अडकते, अडकली की फाटते, आणि फाटली की सगळं पुरण विस्तवात. कौसाबाई सून म्हणून आली तेव्हापासून त्या घरचं खापर तिचं होतं. गेल्या आखाजीला पहिल्यांदा तिच्या कोपरावर मांडा फाटला. रंजनाबाईनं तेव्हा तोंडाला पदर लावला होता. दुःखानं लावला असं मात्र कुणाला वाटलं नाही.

कौसाबाई उठली. हात लालभडक झाले होते, त्यावर भेगा उघड्या पडल्या होत्या.

"सर्वा आयका," ती म्हणाली. "औंदा काजल लगीननंतर पहिली डाव आखाजीले येई ऱ्हायनी, जावाईले लीसन. त्या दिन मन्हा हातवर एक बी मांडा फाटना, तर खापर मी रंजनाले दी टाकसू. कायमनं."

बोलून गेली खरी, पण त्या दुपारी ती माझ्या ओसरीत येऊन बसली आणि दंड खाजवत राहिली. तिला भीती वाटत होती. काजल तिची लाडकी नात. नातजावयासमोर पुरण विस्तवात पडलं तर ती त्या घरात कुणीच उरणार नव्हती, निदान तिला तसं वाटत होतं. "हाई खाज सोपू देत नही वं," एवढंच म्हणाली.

तिच्या सुनेनं, नूतननं, मग सासऱ्यांच्या मागे लागून तिला लोणखेड्याला डॉक्टर संध्याकडे पाठवलं. आबा गाडीवरून घेऊन गेले आणि बाहेर बाकावर कुणाशी तरी कापसाच्या बियाण्याबद्दल वाद घालत बसले. त्यामुळे आत काय झालं ते ऐकायला एकटी कौसाबाईच होती, आणि तिथंच घोटाळा झाला.

डॉक्टरीणबाई चांगली आहे. इथल्याच मातीतली पोर, हसरी. पुढं तिनंच सांगितलं ते असं. तिनं भिंग लावून हात बघितले आणि म्हणाली, "जिजी, हा मळ नाही. ही तुमची कातडीच सुटतेय. वय झालं की अंगातलं तेल आटतं. जे थोडं उरलंय ते तुम्ही साबणानं आणि विटेनं काढून टाकताय. दुधावर साय असते ना? तशी एक साय आपल्या अंगावर असते. ती आतली ओल आत धरते आणि बाहेरची धूळ, तिखट बाहेर थोपवते. तुम्ही रोज ती साय खरवडताय, मग आग होणार नाही तर काय?" वीट बंद, कपड्याचा साबण बंद, पाणी कोमट, अंग टिपायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच मलम लावायचं, असं तिनं सगळं नीट सांगितलं. शेवटी म्हातारीला आपलेपणा वाटावा म्हणून अहिराणीत म्हणाली, "ध्यानमां ठेव जिजी, रोज आंगोळनंतर साय राख."

बाकीचं सगळं कौसाबाईच्या डोक्यावरून गेलं. हे शेवटचं मात्र पक्कं बसलं.

दुसऱ्या दिवशी आबा भाकरी घेऊन बसले आणि दुधाच्या पातेल्यात डोकावले.

"मन्ही साय कोठे गई?"

"औषधले लागनी," कौसाबाई आतून म्हणाली.

"सायनं औषध?"

"डॉक्टरनीनी सांगेल शे. तुम्ही गपचूप खा."

आबांनी कोरडी भाकरी खाल्ली. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी ताक मागायला गेले तर कौसाबाई मोरीच्या दगडावर बसलेली, बाह्या वर, आणि दोन्ही हात राखाडी रंगाचे. शेजारी वाटीत साय. दुसऱ्या वाटीत चुलीतली राख, तीही कपड्यानं गाळून घेतलेली. समोर आमची मांजर डोळे मिटून बसली होती आणि मधूनमधून तिच्या कोपराला जीभ लावत होती.

"हाई काय वं?"

"साय राख," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. "भलती आग व्हस बहीण. पन औषध कडूच ऱ्हास."

मी नूतनला हाक मारली. नूतननं वाट्या बघितल्या, हात बघितले आणि लगेच डॉक्टरला फोन लावला, आवाज मोठा करून.

"राख?" डॉक्टर म्हणाली. "कसली राख?"

"चूलनी," कौसाबाई फोनच्या दिशेनं ओरडली. "तूच ते सांगं! साय, राख!"

पलीकडून आधी हसू आलं, आणि त्यामागून लगेच कळवळा. "देवा! जिजी, चूक माझी. राख म्हणजे जप, सांभाळ. शेत राखतो तशी."

"मंग सांभाळ म्हन ना! अहिराणीमां बोलनी अन् मन्हं आंग जाळी टाकं!"

"आधी सगळं कोमट पाण्यानं धुऊन टाका. आणि मी मलम दिलं होतं, ते लावलं नाही का?"

कौसाबाई नूतनकडे बघेना, माझ्याकडे बघेना. शेवटी मलम लोखंडी पेटीत सापडलं, काजलसाठी घेतलेल्या नव्या साडीच्या घडीत.

"आत्या, हाई आठे कसं उनं?" नूतननं सासूला विचारलं.

"काजलले देसू. ती जुवान शे, तिले शोभी." आणि मग एकदम चिडून म्हणाली, "मी काय नवरी शे का मलम चोपडाले? लोके म्हनतीन डोकरी नटी ऱ्हायनी. रंजना तर गावभर सांगी."

तेव्हा मला खरं काय ते कळलं. राख लावायची तिला लाज नव्हती, मलमाची होती. जन्मभर शेतात आणि चुलीपुढं खपलेल्या बाईला आपल्या अंगाला मऊ काही लावणं म्हणजे चैन वाटते. मला तिचा राग आला आणि तितकीच कीव आली, कारण माझ्याही पेटीत असं एक मलम पडून आहे.

आबा हे सगळं दारात उभे राहून ऐकत होते. तीन दिवसांची साय बुडाल्यानं त्यांचा पारा आधीच चढलेला. ते आत आले, नूतनच्या हातातून मलम घेतलं, आणि बायकोला म्हणाले, "हात धू. अन् ओटावर चाल."

"ओटावर कसाले? सर्वा दखतीन!"

"दखू दे. पोळाना आदला दिन मी बैलस्ना खांद मळस, तवय कोन्ही हासस का? जनावरनी कातडी कातडी, अन् तुन्ही काय गोनपाट शे?"

आणि भर दिवसा, गल्लीच्या देखत, दोधू आबांनी ओट्यावर बसून बायकोच्या ओल्या हाताला मलम लावलं. बैलाच्या खांद्याला लावतात तसंच, अंगठ्यानं दाबून, एकाच दिशेनं. गल्ली गप्प बसेल असं थोडंच आहे? कुणी म्हणालं, "हळद लागनी वं!" कुणी वरात कधी निघणार ते विचारलं. रंजनाबाई दाराला टेकून इतकी हसली की तिला उचकी लागली. कौसाबाईनं तोंडावर पदर ओढून घेतला होता. पण हात तिनं मागं घेतला नाही. तिला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं, हे पदराआडूनसुद्धा कळत होतं.

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर ती स्वतःच ओट्यावर येऊन बसली. तिसऱ्या दिवशी गल्लीला चेष्टा करायचा कंटाळा आला. वीट नूतननं उकिरड्यावर टाकली, साय आबांच्या भाकरीवर परत आली.

आखाजीच्या दिवशी काजल आली, सोबत तिचा नवरा पवन, शहाद्याकडचा पोरगा, लाजरा. ओसरीत रसाचं पातेलं, अंगणात चूल, चुलीवर खापर, आणि भोवती आम्ही सगळ्या. मदतीला आल्यासारखं दाखवत होतो, पण आलो होतो बघायलाच. रंजनाबाई चुलीच्या अगदी जवळ बसली होती, लाकडं सारायच्या निमित्तानं.

कौसाबाईनं हात धुतले, गोळा उचलला. पहिल्या मांड्याला तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. कणीक मनगटावरून निघाली, पसरत पसरत कोपराकडे गेली. गेल्या वर्षी जिथं फाटली होती तिथं पोचली तेव्हा मी श्वास धरला. कणीक घसरून पुढं गेली. मांडा खापरावर पडला आणि पुरणाचा वास अंगणभर सुटला. मग दुसरा, मग तिसरा. एकही फाटला नाही. शेवटी शेवटी तर ती रंजनाबाईकडे बघत बघत मांडे टाकत होती, हाताकडे न बघता. मोठं मन वगैरे काही नाही, तिनं पोटभर मिरवून घेतलं. पवननं किती खाल्ले ते काजलनं मोजायचं सोडून दिलं.

दुपारी सगळे आडवे झाले. कौसाबाई चुलीपाशीच बसली होती, मी परात धुवायला पाणी आणत होते. तेवढ्यात परसातून रंजनाबाई आली. मान खाली.

"बाई," ती म्हणाली, "ते मलम..." आणि तिनं पोलक्याची बाही वर केली. तिचा दंड, कोपर, सगळं पांढरं, भेगाळलेलं. मिरच्यांत काम करून आलं की तीही चोरून विटेनंच घासत होती.

मला वाटलं, आता कौसाबाई सोडत नाही हिला. पण तिनं चुलीत एक लाकूड सारलं.

"मलम मंग देस," ती म्हणाली. "एक गोळा उरेल शे. हात धू अन् टाक."

"मी? मन्हा हातवर फाटी."

"फाटू दे."

रंजनाबाईनं भीत भीत गोळा घेतला. मनगटापर्यंत नीट गेला, कोपरापाशी अडकला आणि फाटला. अर्धा खापरावर पडला, थोडं पुरण विस्तवात. तिनं कपाळाला हात लावला. कौसाबाईनं तो अर्धा भाजू दिला, उलथला आणि हातावर काढून तसाच वाफाळता तोंडात घातला.

"बाई, जीभ भाजी!"

"भाजू दे. जलमभर खापरपुढे बठनू, पन गरम मांडा कदी खायेलच नही. सर्वास्नं व्हवालोंग मन्हा गार व्हई जास." तिनं दुसरा घास तोडला. तोंड भाजत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती थांबली नाही. "पुढली आखाजीले खापरवर तूच बठशी. मी तठे ओसरीमां, जावाईना शेजारे."

"अन् मन्हा हात?"

कौसाबाईनं बोटं चाटून संपवली, हात धुतले आणि कमरेला खोचलेलं मलम काढलं.

"आन आठे," ती म्हणाली.