सोलापूरहून एक फर्माईश

मी रेडिओ बोलतोय, असं म्हणायचा हक्क मला आता राहिलेला नाही. मी रेडिओचं खोकं बोलतोय. आतलं सगळं काढून नेलंय. वरून मात्र पॉलिश असं मारलंय की लग्नाच्या वरातीला निघाल्यासारखा दिसतो. सोलापूरहून पुण्याकडं जाताना टेंभुर्णीच्या अलीकडं हमरस्त्याला लागून एक कॅफे आहे. तिथं गल्ल्यामागच्या फळीवर मी बसतो. लोक येतात, माझ्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि म्हणतात, "काय दिवस होते ते!" यातल्या निम्म्यांचा जन्म मी बंद पडल्यानंतरचा. कसले दिवस आणि काय होते, यांना काय कप्पाळ ठाऊक!

ते दिवस मी पाहिलेत. म्हणून सांगतो, ऐका.

माझं अंग सागवानी. पुढं सोनेरी धाग्याचं कापड, खाली दोन मोठी बटणं आणि वर एक हिरवा डोळा. स्टेशन नीट लागलं की डोळ्यातली सावली मिटायची आणि तो पुरता हिरवा व्हायचा. पोटातले व्हॉल्व्ह तापल्याशिवाय मी तोंड उघडत नसे. घाईच्या माणसांशी माझं कधी जमलं नाही.

मला घरी आणलं धुळाप्पानं. सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातला हा पोरगा सोलापूरच्या गिरणीत कापड विणायच्या साच्यावर लागला होता. दिवाळीचा बोनस मिळाला आणि बाकीच्यांनी कपडे घेतले, यानं मला खांद्यावर घेतलं. चाळीतली सगळी पोरंटोरं मागं. दारात त्याची आई राजाबाई उभी होती. मला बघून म्हणाली, "खोकं आनलंस व्हय? ह्ये दूध देतंय का लोकर?"

राजाबाईचा घरात दरारा होता. खंडेनवमीला ती मेंढरं कातरायच्या कात्रीला आणि कुऱ्हाडीला हळदकुंकू लावायची, पुढं मलाही लावू लागली. पण तेवढंच. सुनेनं माझ्याजवळ नुसतं थांबलेलं तिला खपत नसे. सूनबाई भाकरी थापता थापता गाण्यावर मान डोलवायला लागली की ही ओरडायची, "कान हिकडं आन् भाकरी करपली तिकडं!"

ही सून म्हणजे अक्कम्मा. ती अक्कलकोटाकडची, घरात कानडी बोलणारी. माहेरचं नाव हेमावती. लग्नाच्या दिवशी राजाबाईनं ते ऐकलं आणि नाक मुरडलं. "हेमावती? राणी लागून गेली व्हय कुटली? शेणाच्या पाट्या उचलायला हेमावती?" सासरी आलेल्या पोरीचं नाव बदलायची रीतच होती. राजाबाईनं आपल्या मेलेल्या सासूचं नाव सुनेला दिलं. अक्कम्मा. जन्मभर जिच्यापुढं तोंड उघडता आलं नाही, तिच्या नावानं आता दिवसभर खेकसता येणार होतं. एवढा आनंद तिला मुलाच्या लग्नाचाही झाला नसेल.

तेव्हापासून हेमावती हे नाव त्या घरात कुणी उच्चारलं नाही. नवऱ्यानंही नाही. तो तर अक्कम्मासुद्धा म्हणत नसे. "अगं" आणि "ऐकतीस का" यावर त्याचा संसार चालला.

शॉर्ट वेव्हवर रेडिओ सिलोन लागायचं. सिनेमाची गाणी, आणि त्याहून गोड म्हणजे फर्माईश. पोस्टकार्डावर गाणं आणि घरातल्यांची नावं लिहून पाठवायची. निवेदक गाण्याआधी ती नावं वाचायचा. खरं सांगायचं तर लोकांना गाण्यापेक्षा नावांचीच हौस. तिकडं बिहारातल्या झुमरीतलैया गावची माणसं तर रोजचीच, त्यांना दुसरा उद्योग नसावा. आपलं नाव आकाशातून खाली यावं, सगळ्या मुलखानं ऐकावं, एवढ्यासाठी माणसं महिनोन्‌महिने माझ्या तोंडाकडं बघत बसायची.

एकदा राजाबाई बिरोबाच्या जत्रेला गावी गेली होती. धुळाप्पा कार्ड घेऊन बसला. चौथी शिकलेला, जिभेचं टोक बाहेर काढून लिहायचा.

"तुजं नाव घालू का?" त्यानं विचारलं.

अक्कम्मा चुलीपुढून उठून आली. "घाला की. पर माजं पैलं घाला."

"पैलं म्हंजी?"

"हेमावती. एकदा तरी कुनीतरी मोट्यानं म्हनू दे वो." आणि लगेच घाबरून म्हणाली, "अत्तीला, तुमच्या आईला, कळू देऊ नका. मला घराभायर काढतील, आन् रेडूलाबी."

त्यानं लिहिलं. सोलापूर से हेमावती. कार्ड पेटीत पडलं. मग दर महिन्याला एक, आई बघत नसताना. फर्माइशीची वेळ झाली की तो माझ्या टोपणावर तळहात ठेवायचा, मी तापलोय का बघायला. ती दाराआड उभी राहायची, हातातलं पीठ तसंच. निवेदक नावं वाचायचा. दिल्ली से, रायपूर से, झुमरीतलैया से. गाणं सुरू व्हायचं आणि ती पुन्हा चुलीकडं जायची.

नाव कधीच आलं नाही. कार्डं पोचली नसतील, किंवा पोत्यात तळाशी राहिली असतील. मी काय करणार? मी नुसता पोचवणारा.

पण एक गोष्ट मला तेव्हाही खुपायची आणि आज तर फारच खुपते. अहो, तिला मोठ्यानं म्हणणारं कुणीतरी हवं होतं ना? घरात नवरा होता. त्याला तोंड होतं. समुद्रापलीकडच्या परक्या माणसाच्या तोंडून बायकोचं नाव यावं म्हणून याची धडपड, आणि स्वतःच्या तोंडात मात्र मिठाची गुळणी. मेंढरं हाकणाऱ्या बापाचा हा पोरगा, हाळी दिली तर दोन शेतं ओलांडून जाईल असा आवाज. पण बायकोचं नाव घ्यायचं म्हटलं की छाती होत नसे.

दिवस गेले. ट्रान्झिस्टर आला, टीव्ही आला, गिरणी बंद पडली. मी कपाटाच्या डोक्यावर गेलो. राजाबाई मेली, पण तिनं ठेवलेलं नाव काही मेलं नाही. ते रेशनकार्डावर चढलं होतं. मुलगा महिपती मोठा झाला, त्यानं आईचं नाव शाळेत अक्कम्मा असंच सांगितलं. त्याला दुसरं माहीतच नव्हतं. माहेरची माणसं एकेक करून संपली. हेमावती म्हणजे कोण, हे जगात तिघांनाच ठाऊक राहिलं. त्यातला एक मी, म्हणजे मोजण्यात न येणारा.

म्हातारपणी अक्कम्मा अंथरुणाला खिळली. खाट माझ्या कपाटाशेजारीच होती. एका दुपारी तिनं नवऱ्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, "आलं का वो कदी?"

धुळाप्पाला कळलं. तो म्हणाला, "न्हाय अजून. येईल की."

येईल की! अरे मूर्खा, तुझी आई सरणावर जाऊन कैक वर्षं झाली, घरात कुणी नाही, बायको हात धरून विचारतेय. चार अक्षरं होती. माझ्यात जीव असता तर मीच ओरडलो असतो. त्यानं तिचं पांघरूण सारखं केलं. दोन दिवसांनी ती गेली, आणि पाटीवर, पत्रिकेत, पिंडाला, सगळीकडं अक्कम्माच गेली.

त्यानंतर त्याला अक्कल आली. रोज दुपारी मला खाली उतरवायचा, बटण लावायचा, टोपणावर हात ठेवून बसायचा. माझ्या नरड्यातून नुसती खरखर निघायची. कुणी विचारलं की म्हणायचा, "हिचं नाव यायचं ऱ्हायलंय." कुठलं नाव ते त्यानं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. म्हाताऱ्याच्या गोष्टी ऐकायला वेळ कुणाला?

वेळ एकाला मिळाला. नातू अजिंक्य, त्यानं फर्माइशीची सगळी गोष्ट ऐकली, नाव तेवढं सोडून. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, प्रियंकानं, हा कॅफे काढला. जुन्या गाण्यांचा कॅफे. भिंतीवर जुन्या कंदिलांच्या रांगा, टेबलावर पितळी तांबे. आणि त्यांच्या मते आजोबांचा रेडिओ घरी वाया चाललेला! दोघं मला उचलून घेऊन गेले. मोबाइल दुरुस्तीवाल्या एकानं माझं पोट फाडलं, व्हॉल्व्ह, स्पीकर, तारा सगळं भंगारात दिलं आणि आत ब्लूटूथचं बोंडकं बसवलं. हिरव्या डोळ्याच्या जागी एलईडी लावला. स्टेशन असो नसो, तो हिरवाच. आयुष्यभर खरं बोललेल्या डोळ्याला म्हातारपणी खोटं बोलायला लावलं.

मग प्रियंकाला कल्पना सुचली. "आजोबांना सरप्राइज देऊ. रील लई भारी होईल." तिनं फोनवर जुन्या निवेदकासारखा आवाज तयार केला. उद्घाटनाच्या दिवशी म्हाताऱ्याला फेटा बांधून माझ्यासमोर बसवलं. भोवती पाहुणे, समोर मोबाइल धरलेले हात.

धुळाप्पानं सवयीनं बटण फिरवलं. टोपणावर तळहात ठेवला. "गार हाय की," तो पुटपुटला. कुणाचं लक्ष नव्हतं.

आणि माझ्या पोटातून आवाज निघाला, "यह फर्माईश भेजी है सोलापूर से अक्कम्मा, धुळाप्पा, महिपती और उनके सब घरवालों ने।"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रियंकाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं कॅमेऱ्यालाही दाखवलं. म्हातारा मात्र ताडकन उभा राहिला. फेटा एका बाजूला कलला.

"न्हाय!" तो माझ्यावर ओरडला. "चुकीचं वाचलं! अक्कम्मा न्हाय, हेमावती लिवलंय म्या! हेमावती! ए हेमावती!"

इतक्या वर्षांनी हाळी फुटली होती. रस्त्यापलीकडच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. "आजोबा, ही हेमावती कोण?" आणि सगळा कॅफे हसला.

महिपतीचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यानं बापाला दंडाला धरून कोपऱ्यात नेलं. "आई जाऊन नऊ वर्सं झाली, आन् चार मान्सांत दुसरीचं नाव घेता? लाज न्हाय वाटत?"

"आरं, तुजी आईच ती!"

"माज्या आईचं नाव मला ठावं न्हाय व्हय?"

"न्हाय ठावं तुला, बाळा."

महिपतीनं पुढं ऐकलं नाही. ऐकून तरी काय करणार होता? घरातल्या प्रत्येक कागदावर अक्कम्मा होतं.

रील तुफान चाललं. 'आजोबांची हेमावती कोण?' या नावानं. रीलखालचे हसरे चेहरे, लाल बदाम आणि घाणेरड्या कोट्या, सगळं प्रियंकानं वाचून दाखवलं. पुण्यामुंबईची माणसं गाडी थांबवून यायला लागली. आल्या आल्या विचारायची, "ती हेमावती कुठंय?" धंदा कळणारा नातू, त्यानं आठवड्यात पाटी बदलली. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही, अशी 'हेमावती थाळी'. जोरात खपते.

महिपतीनं बापाला गावी, मेंढरांच्या वाड्याशेजारच्या खोलीत नेऊन ठेवलं. भाऊबंद भाकरी देतात. त्या घरात रेडिओ नाही. परवा कुणीसं सांगत होतं, म्हातारा दिवसभर दारात बसून त्याच नावानं हाका मारतो. आधी माणसं हसायची. आता मेंढरंही मान वळवत नाहीत.

माझं म्हणाल तर माझी तब्येत उत्तम आहे. दर सोमवारी पॉलिश होतं. तुमच्याकडं एकच मागणं आहे. फोटो काढून झाला असेल तर मला भंगारात घाला, माझी आतडी गेली तिकडं. नाहीतर निदान घरी जाऊन तुमच्या म्हातारीला तिचं पहिलं नाव विचारा. विचारणार नाही तुम्ही, मला ठाऊक आहे. रील बघाल.

तिची फर्माईश मात्र मी पुरी केली. तिला मोठ्यानं हवं होतं ना, आता मी दिवसभर म्हणतो. स्वयंपाकघरातली थाळी तयार झाली की प्रियंका माइकमध्ये बोलते आणि ते माझ्या तोंडून सगळ्या कॅफेला ऐकू जातं.

"हेमावती दोन, टेबल सहा. एकात चटणी कमी."

टेबल सहावरचा माणूस हात वर करतो.