हवेचा पाइप

कारखान्यात धातूची पावडर चाळून घेणाऱ्या चाळणमास्तरला तिच्यातलं सगळं कळे. वितळलेल्या स्टेनलेस स्टीलवर वायूचा झोत मारून केलेली ती करडी पावडर मैद्याहून बारीक, पण कण गोल, म्हणून नरसाळ्यातून पाण्यासारखी वाही. अडखळली की दमट झाली, हे तो घड्याळ लावून वेळ न मोजता, नुसतं बघून सांगे. तिच्यापासून पुढे गाळण्या, यंत्रांचे भाग, मोडलेल्या हाडात बसवायच्या पट्ट्या होत. "आपण भांडी दळतो," असं तो म्हणायचा.

त्याचा धाकटा भाऊ त्याच चाळणीवर होता. अंगाने मास्तरच्या दुप्पट, तरी सगळे त्याला बारक्या म्हणत. त्याचे कपडे धुऊन बायकोच्या हातांवर पुरळ उठलं, तेव्हा तिने मास्तरलाच गाठलं होतं.

"भाऊजी, यांना तसंच घरी पाठवू नका. एक कण उंबऱ्याच्या आत नको."

तेव्हापासून नऊ वर्षं पाळी सुटली की बारक्या हात पसरून भिंतीशी उभा राही आणि मास्तर हवेच्या पाइपने त्याला डोक्यापासून पायापर्यंत झाडून काढी. मास्क आधी काढायचा, नाहीतर तोंडाभोवतीची पावडर निघत नसे. मास्तर स्वतः मात्र सदऱ्यावर दोन थापा मारून निघे. त्याच्या खोलीत रागवायला कोणी नव्हतं. पुरळ गेलं. ते बघून बाकीचेही रांग लावू लागले.

बारक्याला धाप लागायला लागली तेव्हा दोघे भाऊ डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने छातीचा फोटो बघितला आणि पोलिसासारखे बारीकसारीक प्रश्न विचारले. पाइपची गोष्ट बारक्याने कौतुकाने सांगितली.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "दिवसभर मास्क लावता आणि सगळ्यात दाट धूळ उडते तेव्हाच काढता? ही पावडर फुप्फुसात विरघळत नाही. आत गेली ती गेली."

"आता औषधाने निघेल?" मास्तरने विचारलं.

"नाही."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं माणूस सहज म्हणतो. मास्तरला तेही म्हणवेना. परत येताना बारक्या दर दहा पावलांवर थांबत होता.

"दादा, हिला सांगायचं नाही. स्वतःला खाईल ती."

घरी मास्तरने सांगितलं, भट्टीच्या धुराने झालंय. ती म्हणाली, "निदान घरात तरी कण येऊ दिला नाही आपण."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर सातजण पाइपपाशी उभे होते. मास्क गळ्यात, थट्टा चाललेली.

"मास्तर, आधी मला. सासुरवाडीला जायचंय."

त्यातला एक बारक्याच्या भिंतीला भिंत लागून राहायचा. इथे बोललेलं भाजी शिजायच्या आत बारक्याच्या बायकोच्या कानावर पोचणार होतं. गप्प बसलं तर ती एकटी वाचणार होती, हे सातजण नाही. मास्तरने हवेची तोटी बंद केली.

"आधी मास्क लावा. मग ऐका."

डॉक्टर बोलला ते सगळं त्याने सांगितलं, तिचं नाव तेवढं काढलं नाही. पण नऊ वर्षांपूर्वी आपण काय सांगितलं होतं, याची तिला कोणी आठवण करून द्यायची गरज नव्हती.

संध्याकाळी तो भावाकडे गेला. बारक्या उशांना टेकून बसला होता. जन्मात पहिल्यांदा त्याने दादाकडे रागाने बघितलं. बायको कडेला बसली होती.

"भाऊजी, हवा मारायला मीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

"मारली मी."

"हो. तुम्ही."

बारक्याला खोकल्याची उबळ आली. ती त्याला सावरायला उठली. मास्तरने दुसऱ्या बाजूने हात पुढे केला, आणि तिने तो बाजूला सारला.