सहापैकी पाच

चेंडू पडायच्या आधी

ग्रेशियाना एचार्ट टेबलांमधून आकड्यांच्या खेळाची तिकिटं गोळा करत होती. अमेरिकेतल्या एल्को गावच्या एका कॅसिनोत, नाश्त्याच्या खोलीत, तेवीस वर्षं तिचं हेच काम. खुणा केलेले कागद उचलायचे, काउंटरवर नोंदवायचे, कुणी जिंकलं तर पैसे आणून द्यायचे.

चौथ्या टेबलावर ऑरिन सँडविक बसला होता. रेल्वेतून निवृत्त, विधुर. रोज एकच तिकीट, एक डॉलर, तेच सहा आकडे: सहा, एकोणीस, सत्तावीस, चव्वेचाळीस, एकसष्ट, त्र्याहत्तर. अकरा महिन्यांपूर्वी त्यानं तिला लग्नाचं विचारलं होतं. तिला हो म्हणायचा धीर होईना आणि नाही म्हणवेना. मग तिनं पैज लावली. सहापैकी पाच आले, तर हो.

तेव्हापासून कधी एक यायचा, कधी दोन. एकदा चार आले, आणि दिवसभर तिच्या हातून कप निसटत होते.

आज तिनं त्याचा कागद ॲप्रनच्या खिशात टाकला, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या जोडप्यातल्या मुलीनं विचारलं, "हा खेळ खेळतात कसा?"

"सोपं आहे," ऑरिन म्हणाला. "कागदावर ऐंशी आकडे. हवे तेवढे निवडायचे..."

"हवे तेवढे काय, ऑरिन? जेवणाची थाळी आहे का?" ग्रेशियाना थांबली. "इथं जास्तीत जास्त पंधरा, बाळ. आणि पंधराच्या नादी लागू नकोस. चार-पाच घे, काळ्या खडूनं फुली मार. यंत्र वीस चेंडू बाहेर टाकतं. तुझे जितके त्यात, तितके पैसे."

"मी फोनवर खेळतो," मुलगा म्हणाला. "चार सेकंदांत निकाल."

"चार सेकंदांत तुमची कॉफी तरी गार होते का?" ऑरिननं विचारलं.

"फोनवर खेळायचं तर आधी ठरव किती घालवायचे," ग्रेशियाना म्हणाली. "घाईत खिसा रिकामा झालेला कळत नाही. आणि इथं जिंकलास तर पुढचा खेळ सुरू व्हायच्या आत पैसे घे. नंतर कुणी विचारत नाही."

घंटा वाजली. नोंदणी बंद.

तिचा हात खिशात गेला. कागद तिथंच होता.

चव्वेचाळीस

काउंटरवरचा ल्यूथर माइकवर आकडे सांगू लागला. तेवीस वर्षांत तिचं एकही तिकीट उशिरा पोचलं नव्हतं. सांगावं का? आत्ताच सांगावं. एक आकडा आला म्हणून काय बिघडतं?

आठ. बावन्न. ऐंशी.

सहा

दोन. ठीक आहे, दोन रोजच येतात.

त्र्याहत्तर

ऑरिननं टोस्ट खाली ठेवला.

एकोणीस

चार. तिनं खुर्चीची पाठ धरली. बाकीचे आकडे धरून फलकावर सोळा दिवे लागले होते. चार चेंडू उरले. आता एकही आला नाही तर तिचं गुपित खिशातच विरेल, कुणाला कळणारसुद्धा नाही. पण तिचे ओठ हलत होते: सत्तावीस, एकसष्ट, सत्तावीस, एकसष्ट.

तेहतीस. अकरा.

तिला स्वतःचाच राग आला. अकरा महिने ती या म्हाताऱ्याला यंत्राच्या भरवशावर बसवून ठेवत होती.

पासष्ट.

एकसष्ट

मुलीनं टाळ्या वाजवल्या. ऑरिननं खुर्ची ग्रेशियानाकडे वळवली.

तिनं कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. "नोंदवलाच नाही. बोलत बसले. तुझे ऐंशी-नव्वद डॉलर माझ्यामुळे बुडाले."

त्यानं कागद उलटसुलट पाहिला. शिक्का नाही, वेळ नाही. जन्मभर त्यानं गाड्या वेळापत्रकावर चालवल्या होत्या. नियमाच्या बाबतीत तो कुणाचं ऐकत नसे.

"मग तिकीट लागलंच नाही," तो हळूच म्हणाला. "म्हणजे पैजही लागली नाही. तू मोकळी आहेस. उद्या पुन्हा खेळू."

"उद्या नाही."

"म्हणजे?"

"काउंटरचा नियम काउंटरपुरता. मी चेंडूंवर पैज लावली होती, शिक्क्यावर नाही. आणि खरं सांगू? आज पाचवा आला नसता, तर मी आकडेच बदलायला सांगणार होते. तुझे फार हट्टी आहेत."

"आकडे की मी?"

"दोघंही."

त्याच्या हनुवटीवर लोणी लागलं होतं. तिनं ते ॲप्रननं पुसलं, सगळ्या खोलीदेखत.

"कधी?" त्यानं विचारलं.

"सप्टेंबरात. भावाची मेंढरं डोंगरावरून उतरू देत, नाहीतर तो यायचा नाही आणि जन्मभर ऐकवेल."

"सप्टेंबर लांब आहे."

"अकरा महिने थांबलास ना? गप्प टोस्ट खा."

तिनं पुढच्या टेबलावरचे कागद उचलले आणि या वेळी थेट काउंटर गाठला. ल्यूथरनं शिक्के मारता मारता विचारलं, "ग्रेशियाना, हसतेस कशाला?"

"लाव शिक्का," ती म्हणाली. "लोक थांबलेत."