ड्रायव्हरशेजारची सीट

मी एक जुनी सीट आहे. छत उघडणाऱ्या एका महागड्या युरोपी गाडीतली, ड्रायव्हरच्या शेजारची. मित्रांनो, मला आता फार बोलवत नाही. माझा फोम दबला आहे, कडेचे चामडे तडकले आहे आणि काम करून थकले नव्हते तेवढी मी नुसती पडून थकले आहे. तरी सांगते.

माझे चामडे एका बाईंनी शिवले. चष्मा नाकावर उतरवून त्या काम करत. एक टाका वाकडा गेला तरी सगळी शिवण उसवत आणि पुन्हा घालत. "बसणाऱ्याला टोचलं तर शिव्या मला बसतील," असे शेजारणीला म्हणत. माझ्या पोटात ऊब देणाऱ्या तारा घातल्या. कंबरेला आधार द्यायला हवेची पिशवी बसवली. मानेपाशी एक बारीक फट ठेवली. छत उघडे असले तरी तिच्यातून गरम हवा येई, कुणीतरी मागून मफलर गुंडाळावा तशी. पुढे दुकानातला विक्रेता हे सगळे दिवसातून दहा वेळा गिऱ्हाइकांना ऐकवी. ऐकून ऐकून मी फुशारून गेले होते, हे कबूल करते.

एके दिवशी एक दातांची डॉक्टर आली. विक्रेता इंजिनाचे गुण गाऊ लागला. ती म्हणाली, "वेगाचं राहू द्या हो. मला इथे अर्धा तास नुसतं बसू द्या." ती माझ्यावर बसली. डोके टेकवून पाहिले, मान वळवून पाहिली, डोळे मिटले. घाबरलेल्या माणसाची आधी मान आखडते, हे तिला रोजच्या कामामुळे ठाऊक होते.

गाडी ती वडिलांसाठी घेत होती. बाबा बोगद्याच्या कामावर मुकादम होते. एकदा माती ढासळली आणि ते आत गाडले गेले. त्यांच्या धाकट्या भावाने नुसत्या हातांनी माती उकरून त्यांना बाहेर काढले. जीव वाचला, पण तेव्हापासून बंद गाडीत बसले की बाबांचा श्वास कोंडे. बस नाही, रेल्वे नाही. अकरा वर्षे पाय नेतील तेवढेच त्यांचे जग होते. आता डोंगरापलीकडच्या गावात धाकटा भाऊ अंथरुणाला खिळला होता. दोघे रोज फोनवर बोलत आणि फोन ठेवला की बाबांना जेवण जात नसे. उघड्या टेम्पोत बसून थंडीत पाच तास जाण्याचे त्यांचे वय राहिले नव्हते.

पहिल्या दिवशी बाबा दार उघडे ठेवूनच माझ्यावर बसले. दुसऱ्या दिवशी दार लावले. मग रोज एकेक गल्ली वाढवत लेकीने त्यांना फिरवले. भर थंडीत छत उघडे बघून शेजारी हसत. "डॉक्टरीणबाई, छत लावायचं विसरलात का?" असे विचारत. बाबा कानटोपी खाली ओढून म्हणत, "आभाळ बघायचे पैसे दिलेत, वसूल नको करायला?" मी खालून ऊब देई, मागून मान शेकी. दहाव्या दिवशी त्यांची पाठ पहिल्यांदा माझ्यावर पूर्ण टेकली.

आणि आम्ही निघालो. बोगदा टाळायला लेकीने डोंगरावरचा जुना, लांबचा रस्ता धरला. अर्ध्या वाटेत पाऊस आला.

"बाबा, छत लावू?"

"नको. चालव तू."

गाडी पळत होती तोवर पाणी काचेवरून पलीकडे उडून जात होते. पण पुढे रेल्वेचे फाटक बंद होते. आम्ही थांबलो आणि पाऊस सरळ आत कोसळला. लेकीची छत्री वाऱ्याने उलटी झाली. माझा फोम भिजला. मी जीव तोडून ऊब देत राहिले, मग आत काहीतरी चटकन जळाले आणि मी गार पडले. बाबांचे दात वाजू लागले. मालगाडी काही संपेना.

"लाव," बाबा म्हणाले.

"नक्की?"

"लाव म्हटलं ना. असा निथळत त्याच्या दारात गेलो, तर आजारी तो का मी, हेच कुणाला कळायचं नाही."

छत डोक्यावर आले. बाबांनी माझी कड घट्ट धरली. लेकीने त्यांच्या बाजूची काच चार बोटे खाली ठेवली आणि दवाखान्यात बोलते त्याच आवाजात म्हणाली, "नाकाने श्वास घ्या. अगदीच सोसेना झालं, तर डावा हात वर करा. मी लगेच थांबते."

फाटक उघडले. पहिल्या वळणावरच हात वर गेला. तिने गाडी थांबवली, दार उघडले. बाबा पावसात उभे राहिले, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत. मला वाटले, आता परत फिरणार. पण ते आपणहून आत आले, आपणच दार ओढून घेतले आणि म्हणाले, "त्याने उकरलं नसतं, तर हा पाऊस तरी कुठे दिसला असता?"

पुढे हात वर झाला नाही.

धाकटा भाऊ खाटेवरून म्हणाला, "कशाला आलास रे एवढ्या लांब?" बाबा नुसते त्याचे पाय चेपत बसले. हे मला लेकीच्या बोलण्यातून कळले. दोन दिवसांनी ऊन पडले तेव्हा त्या काकांना उचलून आणून माझ्यावर बसवले. "राजासारखं वाटतंय," ते म्हणाले. त्यांचे अंग थंडगार होते आणि मला त्यांना ऊब देता आली नाही. हे शल्य अजून जात नाही.

थंडी सरायच्या आत काका गेले. निरोप आला तेव्हा मी दुरुस्तीसाठी सुटी होऊन पडले होते. बाबा थांबले नाहीत. खिडकीशी बसून बसने गेले आणि बसनेच परत आले. मग त्यांना बसचीच सवय झाली. कंडक्टरशी गप्पा होत, ओळखी होत. मित्रांनो, मी माझे काम इतके नीट केले की माझी गरजच उरली नाही.

गाडीवर आच्छादन पडले. आधी महिन्याने, मग वर्षाने कुणी यायचे. ओलीने बुरशी धरली, उंदराने शिवण कुरतडली. "महागाची वस्तू आहे, खराब होईल," म्हणून मला झाकले आणि झाकल्यानेच मी खराब झाले.

परवा बाबा गॅरेजमध्ये बादली शोधायला आले. आता ते फार म्हातारे झाले आहेत. त्यांनी आच्छादनाची कड उचलली, दार उघडले आणि माझ्यावर बसले. वर छत लावलेले, काचा बंद. त्यांनी दारही ओढून घेतले. थोड्या वेळाने ते घोरू लागले. माझे सगळे सांधे दुखत होते, तरी मी कुरकुरले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणी झाकून ठेवलेले असेल. त्याला अधूनमधून पुसा, वारा लागू द्या, उसवले असेल तर टाका घाला. आणि मग त्याच्यावर बसा, अगदी पाय पसरून बसा. आम्हाला झिजण्याचे दुःख नसते.