टोपीवरचं पीस

"पडदा ओढ आधी. उन्हात लोळत सिनेमा बघायला आम्ही काय मांजरं आहोत?" विनी ऑलरनशॉनं खुर्चीतूनच काठी आपटली.

कीथनं निमूट पडदा ओढला. साठीला टेकलेला बाप्या, पण आईच्या उंबऱ्यात पाय ठेवला की दहा वर्षांचा होतो. रविवारचे तीन वाजले होते. टेबलावर चहाची किटली लोकरीचं टोपरं घालून बसली होती आणि तिच्याशेजारी ती सिनेमाची चकती, डीव्हीडी. सदुसष्ट वर्षांपूर्वी स्टॉकपोर्टच्या टोप्यांच्या कारखान्यासमोर एक विनोदी सिनेमा काढला होता, तो. पुढं तो कुठल्याशा गोदामात पडून राहिला. आता कुणा भल्या माणसांनी त्याला धुऊनपुसून घरोघरी बघायला विक्रीला काढलं होतं.

"त्यात मी आहे," हे विनीनं या घरात इतक्यांदा सांगितलं होतं, की भिंतींनाही पाठ होतं. "कारखान्याच्या वरच्या मजल्याची खिडकी. तिथं कामाला होते, सतरा वर्षांची. आणि खाली गर्दीत तुझा बाप, कीथ. मोटारीतून सिनेमाचा नट चाललाय, सगळं गाव त्याच्याकडं बघतंय, आणि हा गडी माझ्याकडं! तिथंच ठरलं आमचं."

"ठरलं म्हणे!" समोरच्या कोचावरून मेव्हिस फिसकारली. मेव्हिस म्हणजे विनीची धाकटी नणंद. ब्याऐंशी वर्षांची, पण जीभ काल धार लावून आणलेली. "आमचं घर चॅपलचं, कडक देवभोळं. सिनेमा म्हणजे सैतानाची खिडकी, असं आमची आई म्हणायची. आमचा क्लिफ तिथं जाईलच कशाला? तो तुला भेटला चॅपलच्या चहापानाला. डोरीननं नकार दिल्यावर."

हेच ते कुसळ. डोरीननं नकार दिल्यावर. साठ वर्षं विनीच्या डोळ्यात सलत होतं. क्लिफला विचारावं, तर तो मान खाली घालून म्हणायचा, "विनी, चहा गार होतोय." अकरा वर्षांपूर्वी गेला, तोही न सांगताच.

"तू थिएटरात बघितलास की तेव्हा," मेव्हिसनं आणखी टोचलं. "मग दिसला का क्लिफ?"

"पडद्यावर स्वतःचं तोंड दिसत असताना खाली कोण उभंय ते कोण बघतं गं? तू बघितलं असतंस?"

मेव्हिसनं मान डोलावली. हे तिलाही पटलं.

सिनेमा सुरू झाला. काळंपांढरं चित्र मधोमध आलं आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. कीथला ते खपलं नाही. "एवढा लांबरुंद टीव्ही घेऊन दिला, तो काय पट्ट्या बघायला?" असं म्हणत त्यानं रिमोटचं बटण दाबलं. चित्र फुगून काठोकाठ भरलं.

"हं, आता कसं!" मेव्हिस म्हणाली.

पाऊण तास गेला. नट पडला, उठला, पुन्हा पडला. मेव्हिस तर इतकी हसली, की सैतानाची खिडकी पार उघडी पडली. मग कारखान्याची गल्ली आली, मोटार आली, गर्दी आली. विनीनं काठी घट्ट धरली.

मोटार निघून गेली. खिडकीत कोणी नव्हतं. खिडकीच नव्हती. वर नुसत्या विटा, खाली नुसत्या टोप्या.

"झालं?" मेव्हिसचा आवाज मात्र मऊ होता. इतक्या वर्षांनी जिंकली, पण तिला त्यात चव लागेना. "जाऊ दे गं विनी. कापलं असेल त्यांनी."

कीथ म्हणाला, "आई, चहा ओतू?"

विनीला ऐकूच आलं नाही. ती पडद्याकडं डोळे बारीक करून बघत होती. तिथं आता नटाचा चेहरा मोठा होऊन आला होता.

"त्याच्या टोपीवरचं पीस कुठाय?"

"कसलं पीस?"

"रानकोंबड्याचं. बोटभर उंच. त्या टोपीची फीत मी लावलेली आणि पीसही मीच शिवलेलं. कुठं गेलं?"

"गळून पडलं असेल," कीथ म्हणाला.

"माझ्या हातचं?" विनी ताठ झाली. "कीथ ऑलरनशॉ, बावीस वर्षं मी टोप्या सजवल्या. टोपीतलं डोकं गळून पडेल, माझं पीस पडायचं नाही! ते पीसच नाही, टोपीचा माथाही नाही. त्याचं डोकं छाटलंय कुणीतरी. तू काय केलंस?"

"मी? मी नुसतं चित्र मोठं…"

"मोठं केलंस, मग वरचं गेलं कुठं? दहा इंची टोपी आठ इंची डब्यात घातलीस तर मावेल, पण कशी? चेपून! तू तर मावेना ते कापलंस, गाढवा! होतं तसं कर."

कीथचे कान लाल झाले. कान कसले, सुपंच ती; बापाची. त्यानं बटण दाबलं. पट्ट्या परत आल्या, आणि नटाच्या डोक्यावर रानकोंबड्याचं पीस ताठ उभं राहिलं.

"मागं घे," विनी म्हणाली.

पुन्हा गल्ली आली. वर, अगदी कडेला, एक खिडकी. खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर झुकलेली एक पोरगी एप्रन फडकावत होती, जशी काही मिरवणूक तिचीच.

"अगंबाई, विनी!" मेव्हिस म्हणाली. मग तिचा हात चष्म्याकडं गेला. "थांबव. कीथ, थांबव ते!"

चित्र थिजलं.

खाली, पडद्याच्या पार तळाशी, गर्दीतली सगळी डोकी मोटारीकडं वळलेली. एकच वळलेलं नव्हतं. त्या पोरानं टोपी काढून छातीशी धरली होती, तोंड अर्धवट उघडं होतं, आणि तो वर बघत होता. कान सुपासारखे.

कीथचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडं गेला.

"आमचा क्लिफ," मेव्हिस पुटपुटली. "आईला कळलं असतं तर घराबाहेर काढलं असतं त्याला. म्हणून बोलला नाही कधी, मेला." तिनं नाक शिंकरलं. मग उठली, किटलीचं टोपरं काढलं, आणि आधी विनीचा कप भरला. या घरात आजवर ती आधी स्वतःचाच भरून घ्यायची.

"डोरीनचं काय म्हणत होतीस?" विनीनं विचारलं.

"कोण डोरीन?" मेव्हिस म्हणाली. तिनं कप पुढं सरकवला. "विनी, चहा गार होतोय."

विनीनं पडद्यावरून नजर हलवली नाही.

"होऊ दे," ती म्हणाली.