मासे उपवासाला बसले

पंचगंगेच्या घाटावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. काठाशी शेकडो मासे पाण्यावर तोंडं काढून आ वासत होते, आपणहून हाताला लागत होते. पाण्यावर जांभळी-हिरवी झळाळी.

"देवीनं शालू पसरलाय!" घाटावर ठाण मांडलेले मत्स्यबाबा गरजले. "मासं तिचं नाव घ्यायला लागल्यात! कणीक खाईनात, कारण उपवास हाय त्यांचा. हाताला लागंल तो प्रसाद. गरोदर बाईनं खावा, पोर पैलवान निपजंल!"

"बाबा, उपाशी मासा खाल्ला तर उपवास कुणाचा मोडतोय?" गर्दीतनं एकानं विचारलं.

"गप ए नास्तिका!"

अंबूबाई रोज आंघोळ करून माशांना कणकेच्या गोळ्या घालायची. तिचं ते व्रत. हल्ली मासे गोळीकडं बघत नव्हते, म्हणून बाबांचं तिला पटलं. लेक अनुजा बाळंतपणाला आलेली, पहिलं पोर पोटातच गेलेलं. अंबूबाई तिला रोज डबाभर प्रसाद न्यायची.

आज शेजारची मदिहा, कॉलेजात विज्ञान शिकवणारी, बादली, परात आणि तेलाची बाटली घेऊन घाटावर आली. तिनं अंबूबाईच्या हातातला डबा हुंगला.

"मावशी, रॉकेलचा वास येतोय की!"

"बाबा म्हणत्यात, देवीचा धूप हाय."

मदिहानं नळाच्या पाण्याच्या बादलीत एक मासा सोडला. बऱ्याच वेळानं त्याचं आ वासणं थांबलं. तो तळाशी गेला आणि अंबूबाईनं टाकलेल्या गोळीला त्यानं तोंड लावलं.

"सुटला गा उपवास!" गर्दी हसली.

मग परातीतल्या पाण्यात तिनं गाडीचं जळकं तेल थेंबभर टाकलं. तसाच शालू पसरला.

"नाल्यातनं तेल येतंय. तवंगाखाली हवा पोचत न्हाई, म्हणून मासं वर येऊन तडफडत्यात."

बाबांनी झोळी उचलून वाट धरली.

"तेल दिसतंय तरी, मावशी. कारखान्यांच्या पाण्यातलं शिसं दिसत न्हाई, शिजवून जात न्हाई. कॉलेजात तपासलं, ह्याच माशांत सापडलं. आईतनं ते बाळात जातंय."

अंबूबाईनं हातातला डबा पायरीवर ठेवला. "मी मासा खात न्हाई गं, नेम हाय माझा. सगळं तिलाच घातलं."

"आता बंद करा. आजच दवाखान्यात न्या."

"आणि पोटात गेलं ते?"

मदिहानं दवाखान्याचं नाव कागदावर लिहून तिच्या हातात दिलं.

शेजारी एक पोटुशी पोरगी मासा पदरात घेत होती. अंबूबाईनं तिचा हात धरला.

"बाई, देव माझाबी हाय. पर हा मासा नाव घेत न्हवता गं, जीव मागत हुता. कुणी कायबी सांगू दे. हुंगून बघा, विचारून बघा, तपासून बघा. मगच लेकराच्या तोंडी घाला."

पोरीनं मासा खाली ठेवला. अंबूबाई अनुजाला हे कसं सांगायचं, ते जुळवत घराकडं चालू लागली.